नस्त

बंदर खात्याच्या नकाशात कर्लीचं मुख
एका जाड निळ्या रेषेचं आहे.
रेष माझीच. अठ्ठ्याण्णव साली,
दोरीला शिशाचा गोळा बांधून
देवबागेपासून भोगव्यापर्यंत वाव मोजत काढलेली.
वल्हं शेवंती तारीच्या हातात.
पुढच्या साली नकाशा तिच्यासमोर धरला,
तर म्हणाली,
"ह्यो गेल्या वर्साचो. औंदा नस्त थंय नाय."

नस्त म्हणजे खाडी समुद्राला उघडते ती फट.
ती सरकते. एकेका पावसाळ्यात दोनशे पावलं.

शाळेच्या पुस्तकातला त्रिभुज प्रदेश पूर्वेकडचा,
हाताच्या पंजासारखा पसरलेला.
आमच्या नद्यांना तेवढी सवड कुठली?
घाट उतरला की चार गावं, दोन साकव
आणि पुढे मिठाचं पाणी,
तेही दारात थांबत नाही,
आत शिरून माडांच्या मुळांपर्यंत येतं.

पण अमावास्येच्या सुकतीला उतरा भाटाखाली.
पुळणीतून पाणी निथळत असतं,
मनगटाएवढी धार,
सपाटीला आली की थबकते,
फुटते, पुन्हा फुटते,
आणि घोंगडीएवढ्या जागेत
एक अख्खं मुख तयार होतं, बेटांसकट.
सहा तासांनी भरती ते पुसते.

"फुटता कशान?" मी विचारलं.
शेवंतीनं तिसऱ्यांची पाटी डोईवरून उतरवली.
"चलान चलान दमलंस, तर पयला काय खाली ठेवतलस?"
"जड असेल ते."
"मगे?"

मग मी गुडघ्यावर बसून पाहिलं.
धार सैलावली की रेती आधी सुटत होती,
अगदी तोंडातच,
तिचा उंबऱ्याएवढा उंचवटा,
आणि मागून येणारं पाणी
त्या कालच्या ओझ्याला अडखळून
निम्मं डावीकडे, निम्मं उजवीकडे.
कोनमापक लावला: सत्तर, चौऱ्याहत्तर, बहात्तर.
वहीचं ते पान अजून आहे,
खाऱ्या पाण्यानं पापडासारखं झालेलं.

दोन हजार अकराचा मे.
सड्यावर बाबल राऊळ विहीर खणत होता.
बारा हात जांभा, मग पांढरी शेड,
मग काळी माती, तिच्यात कोळसा झालेलं एक खोड,
आणि त्याखाली गोटे. गुळगुळीत, अंड्यासारखे.
बाबल खालून ओरडला, "न्हंय गावली! पण सुकी!"

शेवंतीला बोलावलं.
सत्तरीची बाई, दोराच्या फळीवर बसून खाली गेली,
आणि तळव्यानं भिंत चाचपत राहिली
गाभण म्हशीचं पोट चाचपावं तशी.
गोटे कौलांसारखे एकावर एक रेललेले,
सगळे एकाच दिशेला.
"पाणी थयसून येय होता."
तिनं बोट केलं तिकडे आज
चिरेखाण आहे आणि मोबाईलचा टॉवर.
मग हात सरकला. गोटे, मध्ये रेतीची पाठ,
पलीकडे पुन्हा गोटे.
"हयसर फुटलेली."

वरून मी सांगितलं,
शेवंती, ही माणसाच्या आधीची नदी.
तेव्हा कोणीच नव्हतं इथं.
खालून थोडा वेळ काही आलं नाही.
मग हसणं आलं, विहिरीतलं, घुमणारं:
"मगे होडी कोण हाकी?"

त्या विहिरीला पाणी चांगलं आहे. किंचित लोखंडी.

निवृत्तीच्या आठवड्यात नवा नकाशा मागितला गेला.
किनारा शाईनं काढला, खडक शाईनं,
देवळाची दीपमाळ शाईनं.
नस्त तेवढी पेन्सिलीनं,
आणि समासात शेरा:
होडी घालण्यापूर्वी शेवंती तारी यांस विचारावे.
ती गेल्याला आता आठ वर्षं झाली.
शेरा कोणी खोडलेला नाही.